कोरहाची लेकरे

बंडाचा इतिहास बहुधा बंड मोडणारेच लिहितात. बंड फसले की बंडखोराचे म्हणणे त्याच्याबरोबर मातीत जाते आणि मागे उरते ते त्याला झालेल्या शिक्षेचे वर्णन. शाळेत इतिहास शिकविताना ही अडचण मला पदोपदी जाणवते. धड्यात बंडाचे साल असते, पुढाऱ्याचे नाव असते, शेवटही असतो. त्या माणसाने नेमके विचारले काय होते, हे सांगायला मात्र धड्यात जागा उरत नाही.

या नियमाला एक विलक्षण अपवाद आहे. तो यहुद्यांच्या धर्मग्रंथात, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात त्यात, सापडतो. मराठी बायबलात 'गणना' या नावाचे एक पुस्तक आहे. त्याच्या सोळाव्या अध्यायात कोरह नावाच्या माणसाच्या बंडाची हकिकत आली आहे. कोरहाला धरणीने गिळले, असे तिथे सांगितले आहे. परंतु गिळण्यापूर्वी त्याने काय विचारले, तेही तिथेच नमूद आहे. आणि तो प्रश्न असा आहे की ग्रंथाने त्याला कितीही दूषण दिले तरी वाचणाऱ्याच्या मनातून तो जात नाही.

बालाघाटाच्या रांगेत, येडाईच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या येरमाळ्याच्या मास्तराला यहुद्यांच्या पुराणाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य दुहेरी आहे. एक तर या पुराणातल्या मोशेची आख्याने मराठीत, टाळमृदंगाच्या साथीने, कीर्तनात गाइली गेली आहेत; ती गाणारी माणसे कोकणातली होती आणि स्वतःला इस्राएलाची लेकरेच म्हणवीत. दुसरे असे की, कोरहाचा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात वेगळ्या शब्दांत, वेगळ्या नदीच्या काठी विचारला गेला आहे. तेव्हा आधी मूळ कथा सांगतो.

मिसर देशाच्या दास्यातून इस्राएल लोकांना मोशेने बाहेर काढले. समुद्र ओलांडून ते रानात आले. मोशे हा देवाने नेमलेला पुढारी. त्याचा भाऊ अहरोन हा देवाने नेमलेला याजक. याजकपण अहरोनाच्या वंशाकडेच राहायचे, असा निर्बंध झाला. मोशे आणि अहरोन लेवी वंशातले. कोरहही त्याच वंशातला, नात्याने त्यांचा चुलतभाऊ. लेव्यांकडे पवित्र मंडपाची सेवा होती. त्यातही कोरहाच्या घराण्याकडे जे काम होते ते ध्यानात घेण्यासारखे आहे. मुक्काम हलला की गाभाऱ्यातली पवित्र पात्रे खांद्यावर वाहून न्यायची. मात्र ती आधी याजकांनी झाकून द्यायची. वाहणाऱ्याने ती उघडी पाहिली किंवा त्यांना हात लावला तर मरण! आपल्याकडे यात्रा पाहिलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पालखीचा दांडा ज्याच्या खांद्याला वळ पाडतो, त्याला गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी थांबावे लागते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे.

तर हा कोरह अडीचशे नामांकित पुरुषांना घेऊन मोशेसमोर उभा राहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते : ही सगळीच मंडळी पवित्र आहे, परमेश्वर या सगळ्यांच्या मध्ये राहतो; मग तुम्ही दोघे स्वतःला सगळ्यांच्या वर का म्हणून चढविता?

मोशे हे ऐकून पालथा पडला. मग उठून म्हणाला की, उद्या सकाळी ज्याने त्याने आपापले धुपाटणे घेऊन यावे, देव ज्याचा धूप पत्करील तो त्याचा. दुसऱ्या दिवशी अडीचशे धुपाटणी आली. परमेश्वराकडून अग्नी निघाला आणि ती माणसे भस्म झाली. पलीकडे जमीन दुभंगली आणि बंडखोर बायकापोरांसह जिवंत खाली गेले. त्या अडीचशे धुपाटण्यांचे पुढे काय झाले? ती एकदा देवापुढे आली, म्हणून पवित्र झाली होती. ती ठोकून त्यांचे पत्रे केले आणि वेदीला मढविले. कोणी परक्याने पुन्हा असे धाडस करू नये याची खूण म्हणून.

यंदा पावसाळ्यात नववीच्या वर्गात मी ही गोष्ट सांगितली. शेवटच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, धुपाटणी पवित्र झाली म्हणता, मग ती धरणारी माणसं कशी नाही झाली?"

मोठमोठ्या भाष्यकारांनी या अध्यायावर लिहिले आहे. पण त्याच्या गाभ्याला इतक्या नेमकेपणाने हात घालणारा प्रश्न मला अजून भेटलेला नाही. ग्रंथ स्वतःच अडीचशे धुपाटण्यांची पवित्रता मान्य करतो. म्हणजे कोरहाचे निम्मे म्हणणे तो खोडून काढीत नाही, वेदीवर ठोकून ठेवतो.

आता इतिहासाकडे वळू. या अध्यायाची वीण तपासून पाहणाऱ्या अभ्यासकांनी एक गोष्ट फार पूर्वी ओळखली आहे. इथे बंड एक नाही, दोन आहेत. कोरहाबरोबर दाथान आणि अबीराम अशी आणखी दोन नावे येतात. ही माणसे लेवी नव्हेत, रऊबेन वंशातली. रऊबेन हा याकोबाचा थोरला मुलगा. पण थोरलेपणाचा मान गमावलेला. या दोघांना धूप, वेदी, याजकपण यांच्याशी काही कर्तव्य नाही. मोशेने बोलावणे धाडले तर ते यायलाही तयार नाहीत. त्यांची तक्रार निराळीच आहे : आम्हांला दुधामधाच्या देशातून काढून या रानात मारायला आणलेस, शेते दिली नाहीस, द्राक्षमळे दिले नाहीस, आणि वर आमच्यावर सत्ता गाजवितोस. गंमत अशी की, दुधामधाचा देश हे विशेषण देवाने देऊ केलेल्या भूमीचे. या दोघांनी ते दास्याच्या मिसर देशाला लावले!

'अनुवाद' या पुस्तकात आणि एका स्तोत्रात या घटनेची आठवण निघते, तेव्हा तिथे दाथान व अबीराम आहेत, कोरह नाही. यावरून अभ्यासक म्हणतात की, सत्तेविरुद्धच्या बंडाची जुनी गोष्ट आधी होती. याजकपणावरच्या वादाची गोष्ट पुढे तिच्यात विणली गेली. बाबिलोनच्या हद्दपारीनंतर, इ. स. पू. सहाव्या शतकाच्या अखेरीस, यरुशलेमचे मंदिर पुन्हा उभे राहिले, तेव्हा याजक आणि लेवी यांच्यातली पायरी अधिकच ठळक झाली. त्या काळच्या मानपानाची सावली या कथेवर पडली आहे, असे पुष्कळांचे मत आहे. एक बंड भाकरीचे, एक बंड मंत्राचे. ग्रंथाने दोन्ही एकाच खड्ड्यात पुरली.

पण पुरलेले सगळेच नष्ट झाले नाही. त्याच पुस्तकात दहा अध्यायांनंतर, वंशांची मोजदाद चालू असताना, एक लहानसे वाक्य येते : कोरहाचे मुलगे मेले नाहीत. वंश बुडाला नाही हे एवढ्या कोरडेपणाने सांगितले आहे की वाचणारा पुढे निघून जातो. परंतु स्तोत्रसंहिता उघडली म्हणजे अकरा स्तोत्रांच्या माथ्यावर कोरहाच्या पुत्रांचे नाव दिसते. ज्या बापाला धूप जाळल्याबद्दल शासन झाले, त्याची मुले देवळातली गायक झाली. वंशावळीच्या एका यादीत तर शमुवेल हा थोर संदेष्टाही कोरहाच्याच कुळात दाखविला आहे. इस्राएलच्या दक्षिणेला अराद येथे १९६० नंतरच्या दशकात उत्खनन झाले. तिथे सापडलेल्या एका भांड्यावरच्या नावांत कोरहाच्या पुत्रांचा उल्लेख आहे. ते भांडे इ. स. पू. आठव्या शतकाच्या सुमाराचे मानतात. म्हणजे हे घराणे केवळ कथेतले नव्हे.

आणि या गायकांचे मागणेही संपले नाही. जोसेफस हा यहुदी इतिहासकार लिहितो की, राजा दुसरा अग्रिप्पा याच्या वेळी, म्हणजे इसवी सनाच्या साठीनंतर, लेवी गायकांनी याजकांसारखी तागाची शुभ्र वस्त्रे घालण्याची परवानगी मागितली आणि ती त्यांना मिळाली. जोसेफस स्वतः याजक कुळातला. त्याला हे मुळीच रुचले नाही. पुढे थोड्याच वर्षांत, इ. स. ७० मध्ये, रोमन सैन्याने मंदिर जाळले. याजक आणि गायक दोघांचीही वस्त्रे एकाच आगीत गेली. बाराशे वर्षांचा मानपान एका उन्हाळ्यात निकालात निघाला.

मंदिर गेल्यानंतरच्या पंडितांनी कोरहाभोवती कितीतरी गोष्टी रचल्या. त्यांतली एक सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. कोरह लोकांना भडकवीत होता तो कसा, हे दाखविण्यासाठी ती सांगितली आहे. एक विधवा होती. पदरी दोन पोरक्या मुली आणि एकच शेत. ती नांगरायला गेली, तर मोशे म्हणाला, बैल आणि गाढव एकत्र जुंपू नकोस. पेरायला गेली, तर मिसळ बी पेरू नकोस. कापणी केली, तर कोपरे सोड, सांडलेले सोड. मळणी केली, तर याजकाचा वाटा काढ, दशमांश काढ. कंटाळून तिने शेत विकले आणि दोन मेंढ्या घेतल्या. कोकरू झाले, तर अहरोन आला : पहिले पिलू माझे. लोकर कातरली : पहिली लोकर माझी. शेवटी तिने मेंढी मारली, तर फऱ्याचा वाटा मागायला तो हजर. ती वैतागून म्हणाली, मग हे सगळे देवालाच वाहिले! अहरोन म्हणाला, देवाला वाहिलेले तर सगळेच माझे. तो सर्व उचलून निघून गेला आणि ती दोन मुलींसह रडत बसली.

पंडितांच्या मते ही कोरहाची कुटाळकी. असेल. पण हे वाचताना महाराष्ट्रातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे एकच पुस्तक उभे राहते. १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्याच्या आरंभी हाच हिशेब आहे. कुणबी जन्माला येण्याच्या आधीपासून तो मेल्याच्या नंतरपर्यंत, बारशाला, लग्नाला, ग्रहणाला, सणावाराला, श्राद्धाला, भटजी त्याच्या उंबऱ्यावर कसा येतो आणि काय घेऊन जातो, याची ती यादी आहे. दोन यादींमध्ये हजारो कोसांचे अंतर आहे. पण दारात उभा असलेला माणूस एकच आहे.

आता कोकणात जाऊ. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांच्यापासून आमचा विस्तार झाला, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा आहे. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलाची लेकरे. गावावरून त्यांची आडनावे पडली : दिवेकर, केहीमकर, अष्टमकर. तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. ग्रंथ हरवला, भाषा विसरली; पण शब्बाथ, सुंता आणि खाण्यापिण्याचे निर्बंध त्यांनी सोडले नाहीत. पुढे त्यांच्यातले अनेकजण मुंबईला आले, फौजेत गेले. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. १८८० साली त्यांच्यातल्या काही उत्साही मंडळींनी कीर्तन सुरू केले. अभंग, ओवी, साकी, दिंडी यांच्या चालीवर अब्राहाम, योसेफ आणि मोशे मराठीत बोलू लागले. आपल्याच पुराणाची ओळख आपल्या मातृभाषेत करून घेण्याचा यापेक्षा देखणा मार्ग मला माहीत नाही.

परंतु कुंपणे याही मंडळीत होती. बेने इस्राएलांत गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता आणि त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. दुसरीकडे, बगदादहून आलेले श्रीमंत यहुदी व्यापारी बेने इस्राएलांना आपल्या बरोबरीचे मानीत नसत. सामाईक दफनभूमीत मधे भिंत घालून मिळावी, असा अर्ज १८३६ साली बगदादी मंडळींनी सरकारकडे केला होता. मेल्यावरही ज्याच्या शेजारी पडायचे नाही, त्याला 'तूही पवित्र' कोण म्हणणार?

१९४८ साली इस्राएलचे राज्य झाले. तेव्हा भारतात बेने इस्राएलांची संख्या सुमारे वीस हजार होती. येथे त्यांचा कोणी छळ केला नव्हता. हे त्यांनी स्वतःच पुनःपुन्हा सांगितले आहे. तरीही जुन्या वचनाच्या ओढीने कुटुंबेच्या कुटुंबे निघाली. आणि तिथे पोहोचल्यावर, इतिहासाला थट्टा करायची हौस असावी तसे, गणनेतला सोळावा अध्याय पुन्हा घडला. तोही दोन्ही अंगांनी.

प्रथम दाथान आणि अबीराम यांचे अंग. काम, घर, वागणूक यांत रंगावरून भेद होतो, अशी तक्रार घेऊन काही बेने इस्राएल कुटुंबांनी धरणे धरले. त्यांची मागणी एकच : आम्हांला भारतात परत पाठवा. १९५२ ते १९५४ या काळात तीनशेहून अधिक माणसे अशा रीतीने परत आली. वचनदत्त भूमीत उभे राहून कोकणाला दुधामधाचा देश म्हणण्याचा हा प्रसंग! त्यांतले पुष्कळजण पुढे पुन्हा इस्राएलला गेले, हेही सांगितले पाहिजे. रागावून घर सोडणाऱ्याचे पाय दोन्हीकडे ओढले जातात.

मग कोरहाचे अंग. इस्राएलमध्ये यहुद्यांची लग्ने लावण्याचा अधिकार धर्मगुरूंच्या पीठाकडे आहे. काही धर्मगुरूंनी बेने इस्राएलांची इतर यहुद्यांशी लग्ने लावण्यास नकार दिला. शतकानुशतके ही माणसे जाणत्या धर्मगुरूंवाचून राहिली. त्यांचे घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून, त्यांच्यात परक्यांचे रक्त मिसळले नसेल कशावरून, अशी त्यांची शंका. १९६१ च्या ऑक्टोबरात मुख्य पीठाने अशा विवाहांना हरकत नाही असे ठरविले. परंतु १९६२ साली त्याच पीठाकडून सूचना निघाल्या की, बेने इस्राएल वधूवरांच्या आईची, आजीची, जितके मागे जाता येईल तितक्या पिढ्यांची चौकशी करावी. तेव्हाचे एक मुख्य धर्मगुरू यित्झाक निस्सीम हे बगदादमध्ये जन्मलेले होते. मुंबईच्या दफनभूमीतली भिंत यरुशलेमपर्यंत येऊन पोहोचली, असे बेने इस्राएलांपैकी कोणाला वाटले असेल, तर त्याला दोष देता येणार नाही.

या वेळी त्यांनी परत पाठवा म्हटले नाही. त्यांनी सत्याग्रह केला. निदर्शने झाली, उपोषणे झाली. १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये बायकामुलांसह माणसे उघड्यावर ठाण मांडून बसली. त्यांना नवे काहीच नको होते. वेगळा पंथ नको होता, सवलत नको होती. सगळीच मंडळी पवित्र आहे, आणि त्या मंडळीत आम्हीही आहो, एवढेच त्यांचे म्हणणे. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेचे खास अधिवेशन भरले. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी यहुदीच आहेत अशी भूमिका घेतली. त्यानंतर पीठाने सूचनांतून त्यांचे नाव काढले आणि शंका असेल त्या कोणालाही लागू पडेल असा मजकूर घातला. जमीन दुभंगली नाही, अग्नी उतरला नाही. तीन हजार वर्षांत एवढी प्रगती झाली म्हणायची.

इथे मला कोल्हापूर आठवते. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त मंत्र म्हणतो आहे, हे राजारामशास्त्री भागवतांनी महाराजांच्या नजरेस आणून दिले. छत्रपतींच्या घराण्याला क्षत्रिय मानायचे की शूद्र, असा तो प्रश्न होता. राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करण्याचे नाकारले. १९०२ साली त्यांची इनामे जप्त झाली. लोकमान्य टिळकांनी १९०१ च्या ऑक्टोबरात 'केसरी'तून महाराजांच्या मागणीला विरोध केला. ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पण कोरहाच्या कथेशेजारी ठेवून पाहिली म्हणजे तिच्यातले दोन धागे निराळे दिसतात. एक मंत्राचा, दुसरा भाकरीचा. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी आपल्या संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. मंत्राच्या अपमानातून ते भाकरीच्या न्यायाकडे वळले.

आणखी एक धागा आहे. तो अधिक अवघड आहे. मोशेने कोरहाला एक टोमणा मारला होता : लेव्यांना सेवेचा मान दिला तो थोडा झाला, म्हणून याजकपणही मागता काय? या टोमण्यात तथ्य होते. कोरह सगळ्या मंडळीचे नाव घेत होता. पण अडीचशे धुपाटणी होती ती पुढाऱ्यांच्या हातांत, पाणी भरणारांच्या नव्हे. वेदोक्ताची मागणीही आरंभी एका घराण्याची, एका वर्णाच्या हक्काची होती. आम्हांला कुंपणाच्या आत घ्या, असे म्हणणे निराळे. कुंपणच काढा, असे म्हणणे निराळे. शाहू महाराजांचे मोठेपण हे की ते पहिल्यावर थांबले नाहीत. १९२० साली त्यांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या गादीवर क्षात्रजगद्गुरू नेमला, म्हणजे समांतर याजकपण उभे केले. पण त्याच वर्षीच्या मार्चमध्ये माणगावला अस्पृश्यांच्या परिषदेत जाऊन बाबासाहेब आंबेडकर हे तुमचे पुढारी, असे त्यांनी जाहीर सांगितले. ज्याला स्वतःच्या नदीकाठच्या अपमानावरून दुसऱ्याच्या पाणवठ्यावरचा अपमान कळतो, त्याचेच बंड खरे.

आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना या मंडळी शब्दाचा धोकाही ठाऊक आहे. निजामाच्या राज्यात इत्तेहादच्या बहादूर यार जंग यांनी 'अनल मलिक' हा विचार मांडला : राज्याचे सार्वभौमत्व निजामाचे एकट्याचे नव्हे, ते मुसलमान मंडळीच्या प्रत्येक माणसात आहे, निजाम केवळ त्याचे प्रतीक. वरवर पाहता हे कोरहाचेच वाक्य : सगळी मंडळी राजा! पण त्या मंडळीच्या बाहेर राज्यातली बहुसंख्य प्रजा उभी होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले. आमच्या जिल्ह्याला निजामाचे नाव पुढेही कित्येक वर्षे होते. आता धाराशिव हे जुने नाव परत आले आहे. नावे बदलतात; प्रश्न मात्र राहतो. सगळे पवित्र, हे म्हणणे सोपे. सगळे म्हणजे कोण, हे सांगताना माणसाची जीभ अडखळते.

मग देवाने नेमलेला पुढारी आणि स्वतःच स्वतःला नेमणारा पुढारी यांतला फरक ओळखायचा कसा? यहुदी पंडितांनी एक कसोटी सांगून ठेवली आहे. वाद दोन प्रकारचे : एक स्वर्गासाठी घातलेला, तो टिकतो, हिल्लेल आणि शम्मय या दोन आचार्यांचा वाद तसा. दुसरा स्वतःसाठी घातलेला, तो टिकत नाही, तो कोरहाचा. कसोटी चांगली आहे. पण कोरहाचा वाद टिकलेला आहे, हे आपण पाहिलेच. तेव्हा मला त्याच अध्यायाच्या शेवटाकडे जावेसे वाटते.

बंडखोर मेल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी मोशे-अहरोनावर उठली : तुम्ही परमेश्वराची माणसे मारलीत! लोकांनी मेलेल्या बंडखोरांना परमेश्वराची माणसे म्हटले, हेही त्या ग्रंथाने लपविले नाही. मग मरी सुरू झाली. मोशेने अहरोनाला सांगितले, धुपाटणे घे आणि पळ. म्हातारा अहरोन धावत त्या गर्दीत शिरला आणि मेलेल्यांच्या व जिवंतांच्या मधोमध उभा राहिला. मरी थांबली, तोवर चौदा हजार सातशे माणसे गेली होती. पुढे त्याच्या काठीला बदामाची फुले आली आणि त्याचे याजकपण सिद्ध झाले, असे ग्रंथ म्हणतो. मला विचाराल तर ते फुलांनी सिद्ध झाले नाही, दुभंगल्या जमिनीनेही नाही. काल ज्यांनी शिव्या दिल्या त्यांच्यासाठी आज तो मरणाच्या वाटेत आडवा उभा राहिला, तिथे ते सिद्ध झाले.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. सावित्रीबाई फुल्यांना कोणी याजकपण दिले नव्हते. वेद, धूप, गाभारा यांपैकी काहीच त्यांच्या वाट्याचे नव्हते. उलट, ज्या घराने पुरोहितांवाचून लग्ने लावली, त्या घरची ती बाई. मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्याच्याबरोबर त्यांनी रुग्णांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले आणि त्याच दुखण्याने १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. त्या नेमक्या कुठे उभ्या होत्या, हे सांगायला आता वेगळ्या शब्दांची गरज नाही. कोरहाच्या बाजूच्या बाईने अहरोनाचे काम केले, आणि नेमणूक कोणाची होती हा वाद तिथेच संपला.